शिट्टी

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी वकिलाच्या हातापाशी सुई नेली आणि ऐनवेळी मागे घेतली.

"शेवटचं विचारतो. नाकानं काही ओढता का? माझ्यापासून लपवलंत, तर टेबलावरच जीव जाईल."

ऑपरेशनच्या टेबलावर आडवा झालेला वकील छताकडे बघत राहिला. त्याच्या नाकाच्या मधल्या पडद्याला आरपार भोक पडलं होतं. श्वास घेताना त्यातून बारीक शिट्टी वाजायची. नाकाच्या सर्जनबाईंना तो महिनाभर धुळीची अ‍ॅलर्जी सांगत आला होता. कोर्टात भल्याभल्यांना घाम फोडणारा माणूस, आता स्वतःच घामाघूम झाला होता.

"पावडर," तो म्हणाला. "कोकेन. अगदी कालसुद्धा. बायकोला सांगू नका, पाया पडतो."

म्हणजे पडद्याला भोक त्या पावडरीनंच पाडलं होतं! सर्जनबाई भयंकर संतापल्या. अशा माणसाला भूल देणं म्हणजे त्याच्या हृदयाशी खेळ! त्यांनी ऑपरेशन रद्द केलं. परिचारिका वकिलाला बाहेर घेऊन गेली. पुढचं ऑपरेशन टॉन्सिलचं होतं. सहा वर्षांची मुलगी सकाळपासून उपाशी, दाराबाहेर आईच्या मांडीवर बसली होती.

"काय एकेक नमुने असतात!" भूल देणारे डॉक्टर हसले. ते सर्जनबाईंच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बाईंच्या अगदी पहिल्या ऑपरेशनपासून भूल त्यांचीच. 'भावोजी असले की मी डोळे मिटून सुरी चालवते,' असं त्या थट्टेनं सगळ्यांना सांगायच्या.

भावोजींनी यंत्र बंद केलं तशी खोली शांत झाली. सर्जनबाई हातमोजे काढत होत्या, तेवढ्यात शिट्टी वाजली. बारीक, ओळखीची. त्यांनी सवयीनं टेबलाकडे पाहिलं.

टेबल रिकामं होतं.

भावोजी पाठमोरे उभे राहून मुलीसाठी इंजेक्शन भरत होते. श्वास आत गेला, की शिट्टी.

ताई परवाच फोनवर म्हणाली होती, "अगं, यांचं नाक हल्ली कुकरसारखं वाजतं!" दोघी पोट धरून हसल्या होत्या. सर्जनबाईंनी स्टूल पुढे ओढलं.

"भावोजी, मास्क काढा. बसा इथं."

"का गं? काय झालं?"

सर्जनबाईंनी त्यांची हनुवटी वर केली. कपाळावरचा दिवा लावून डाव्या नाकपुडीत उजेड टाकला. तो उजव्या नाकपुडीतून बाहेर आला.

"नाकानं काही ओढता का?" त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना.

भावोजींनी भरलेलं इंजेक्शन ट्रेमध्ये ठेवलं.

"छे गं," ते म्हणाले. "धुळीची अ‍ॅलर्जी."

सर्जनबाई दारापाशी गेल्या आणि त्यांनी परिचारिकेला हाक मारली.

"सिस्टर, त्या मुलीला परत खोलीत न्या. आणि तिला काहीतरी खायला द्या."