इंग्रजांची पोथी

रोहिणखेडच्या शाळेचे नारायणराव मास्तर इंटरच्या परीक्षेत नापास झाले होते, पण त्याच साली निबंधात पहिले आले होते. निबंधाचा विषय होता, इंग्रजी राज्यापासून झालेले फायदे. परीक्षेचा निकाल लागायच्या आत तो लिहून झाला हे बरं झालं, नाहीतर फायद्यांत एकाची घट आली असती. बक्षीस म्हणून त्यांना एक इंग्रजी पुस्तक मिळालं. इंग्लंडच्या राजांचा इतिहास, सामान्य वाचकांसाठी, सोप्या भाषेत, चित्रांसह. तांबड्या कापडाची बांधणी, पानांच्या कडा सोनेरी. सामान्य वाचक म्हणजे कोण, याचा पुस्तक छापणाऱ्याने काही ना काही विचार केला असेल. त्यात रोहिणखेडच्या पुंजाजी पाटलांची बायको रुखमाबाई धरलेली नसावी.

चूक मास्तरांचीच. दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर मारुतीच्या पारावर मंडळी बसली होती आणि बोलायला विषय एकच होता, इंग्रज-जर्मनांची लढाई. पाटलांचा एकुलता एक मुलगा इंद्रभान उन्हाळ्यात तिकडे गेला होता. तहसीलदारांनी गावाकडे माणसं मागितली, तेव्हा पाटलांनी उदाहरण घालून द्यावं म्हणून पोराचं नाव दिलं. उदाहरण एवढं चोख निघालं, की ते पाहून दुसरं कोणीच गेलं नाही. पोरगा बैल चांगले हाकतो असं कळल्यावर सरकारने त्याच्या हाती खच्चरं दिली आणि त्याला समुद्रापार बसऱ्याला धाडलं. पाटलांना साहेबाच्या हातून एक फेटा मिळाला. तो त्यांनी अजून बांधला नव्हता.

तर पारावरची मंडळी गप्प गप्प झाली, तेव्हा मास्तरांना वाटलं, जरा करमणूक करावी. त्यांनी सहा बायका करणाऱ्या इंग्रज राजाची गोष्ट सांगितली. पार खूष झाला. हे एवढं मास्तरांना कसं ठाऊक, असं कोणीतरी विचारलं. इथे गप्प बसायला हवं होतं. पण दोन वर्षांत या गावात त्यांच्या शिक्षणाची चौकशी कोणी केली नव्हती. ते घरी गेले आणि पुस्तक घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुखमाबाई शाळेच्या दारात उभ्या राहिल्या. ताटात नारळ, हळदकुंकू, आणि पुस्तकाला गुंडाळायला नवं कोरं तांबडं फडकं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. लेकरू इंग्रजांच्या फौजेत आहे, इंग्रजांचं मीठ खातं. आपले देव समुद्राच्या पलीकडे जातात की नाही याची खात्री देता येत नाही, तिथे चालेल ती त्यांचीच पोथी. तेव्हा मास्तरांनी ती लावावी. मास्तरांनी समजावलं की ही पोथी नव्हे, इतिहास आहे.

“त्यात राजे हायेत ना?” रुखमाबाईंनी विचारलं.

“आहेत.”

“लढाया हायेत?”

“लढायाच आहेत.”

“खरं सांगतलं हाय का त्यात?”

“खरंच आहे सगळं.”

“मंग पोथी काऊन नाही?”

कॉलेजात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. शिवाय शाळा भरत होती ती पाटलांच्या गोठ्याच्या पुढच्या सोप्यात. मास्तरांनी नारळ घेतला. रुखमाबाईंनी तिथल्या तिथे नवस बोलून टाकला, की पोथी समाप्त होईपर्यंत एकच वेळ जेवीन, आणि समाप्तीला लेकरू घरी येऊ दे.

दिवेलागणीला पाटलांच्या ओसरीवर चौरंग मांडला, त्यावर तांबड्या फडक्यात पुस्तक, पुढे समई. गावच्या पोथ्या आजवर कडूबा वाचत. त्यांना डावलल्यासारखं झालं होतं, म्हणून त्यांना चौरंगाशेजारी बसवून हुंकार द्यायचा मान दिला. मास्तर इंग्रजी ओळीवर बोट ठेवत आणि तोंडाने वऱ्हाडी-पुणेरी मिसळीत सांगत. पहिल्याच दिवशी नॉर्मंडीचा सरदार समुद्र ओलांडून आला, रण माजलं, आणि इंग्लंडच्या राजाच्या डोळ्यात बाण घुसून तो पडला. इथे थांबायला झकास जागा होती. मास्तरांनी पुस्तक मिटायला घेतलं.

कडूबांनी हात मध्ये घातला. “मरणावर पोथी झाकत नसतात, मास्तर.”

हा नियम मास्तरांनाही ऐकून माहीत होता. रणात कोणी पडला, की त्या दिवशी पोथी पुढे न्यायची. कोणाचा जन्म येईल, लग्न लागेल, राज्याभिषेक होईल, तिथे झाकायची. नाहीतर ज्याच्या नावाने पोथी लावली त्याला ते बाधतं. मास्तर पुढे वाचू लागले. नव्या राजाचा राज्याभिषेक झाला, बायकांनी अक्षता टाकल्या. बाहेर त्याच वेळी राजाच्या शिपायांनी घरं पेटवली होती, ती मास्तरांनी मनातच विझवली.

नियम सोपा होता, पण तो ज्या पोथ्यांसाठी केला त्यांत माणसं बेताने मरत. इंग्लंडच्या इतिहासात तशी काही शिस्त नव्हती. पुढचा राजा शिकारीला गेला आणि बाण लागून मेला. त्याच्या भावाला गादी मिळाली, तर त्याचा वारस जहाजासकट बुडाला. जहाजाचं नाव निघताच रुखमाबाईंनी पदर तोंडाला लावला, कारण इंद्रभान जहाजातूनच गेला होता. मास्तर पानामागून पान उलटत एखादं बारसं शोधत, लोकांच्या भाकरी घरी गार होत. शेवटी न सापडलेलं बारसं ते स्वतःच करून टाकू लागले. जिथे पोथी झाकायची, तिथे राणीला मुलगा. कडूबा समाधानाने हुंकार देत, आणि इंग्लंडच्या राजघराण्यात कढईतून जिलब्या निघाव्यात तसे राजपुत्र निघत.

सहा बायकांचा राजा आला तेव्हा मात्र काहीच रचावं लागलं नाही. लग्नं इतकी, की कुठेही थांबावं. त्या दिवसांत गर्दी अंगणात मावेना. रुखमाबाई तेवढ्या गंभीर झाल्या.

“बायकोची मान तोडते म्हणता,” त्या म्हणाल्या. “घरात त्याची माय नोती का काही बोलाले?”

आई आधीच वारली होती, असं मास्तर म्हणाले. मग बरोबर, असं रुखमाबाई म्हणाल्या, पण अशा घराण्याकडे आपण पोरगं पाठवलं याचा विचार त्या रात्रभर करत असाव्यात. पुढे अॅन राणी आली. सतरा बाळंतपणं, आणि एकही मूल हाती लागलं नाही. मास्तर ते गाळणारच होते, पण पानावर चित्र होतं आणि रुखमाबाईंनी ही बाई कोण म्हणून विचारलं. मग सांगावंच लागलं. त्यांचीही आधीची लेकरं गेली होती, इंद्रभान तेवढा जगला होता. त्या दिवशी त्यांनी चित्राला कुंकू लावलं. राणीमागून आलेला राजा जर्मनीतून आणलेला होता, हे कळल्यावर कडूबांनी हुंकार अर्ध्यात थांबवला.

“ज्यायच्याशी लढून राह्यले त्याच मुलखातला?”

“ते निराळे जर्मन,” मास्तर म्हणाले.

“अन् इंद्रभान कोनाशी लढून राह्यला?”

“तुर्कांशी.”

कडूबांनी राहिलेला हुंकार पुरा केला. मास्तरांनाही तेवढंच ठाऊक होतं.

दिवाळीनंतर इंद्रभानची कार्डं यायची थांबली. पाटील मलकापूर स्टेशनावर माणूस धाडून वर्तमानपत्र आणवत आणि मास्तरांना गोठ्यामागे नेऊन हळू आवाजात वाचायला लावत. तैग्रीस नदीच्या काठी कूत नावाच्या गावात इंद्रभान होता ती फौज कोंडली गेली होती, आत अन्न संपत आलं होतं, आणि बाहेरून सोडवायला गेलेले परत फिरत होते. पाटील म्हणाले, घरात सांगू नका. सांगायची गरज नव्हती. रुखमाबाई पोथीतूनच लढाईचा अंदाज घेत होत्या. पोथी समाप्तीला आली म्हणजे इंद्रभान आला, हा त्यांचा हिशेब होता.

मास्तरांची पंचाईत इथून सुरू झाली. पुस्तक लढाई लागायच्या आधीचं होतं. ते जितकं लवकर संपेल तितक्या लवकर शेवटच्या पानावर इंद्रभान नाही, हे उघड होणार. म्हणून त्यांनी वेग कमी केला. पार्लमेंटचे कायदे, धान्यावरची जकात, लोखंडाचे कारखाने, जे पूर्वी त्यांनी एका वाक्यात उरकलं असतं ते सावकाश, शब्दनशब्द वाचू लागले. तह तर दोनदा वाचत. गर्दी आटली. कडूबा हुंकार झोपेत देऊ लागले. एकट्या रुखमाबाई ताठ बसून ऐकत, आणि एक वेळच्या जेवणावर दिवसेंदिवस अशा वाळत गेल्या, की बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. पाटलांनी मास्तरांना बाजूला घेऊन विनवलं, की पोथी आटपा, नाहीतर पोरगा यायचा आणि माय दिसायची नाही. मास्तरांनी वेग वाढवला. मग त्यांना शेवटचं पान आठवलं आणि पुन्हा कमी केला. इतिहास हा शिकवायचा विषय आहे असं त्यांना आजवर वाटत होतं.

तरी पुस्तक संपलंच. समाप्तीला गाव लोटलं. जेवणाची पानं मांडली होती. सातवा एडवर्ड वारला, पाचव्या जॉर्जच्या डोक्यावर मुकुट चढला. कडूबांनी मान हलवली. मरणानंतर राज्याभिषेक, नियमात बसत होतं. पाटलांनी नारळ पुढे केला.

रुखमाबाईंनी तो घेतला नाही. “इंद्रभान कुठी हाय यात?”

हे पुस्तक लढाईच्या आधीचं आहे, असं मास्तर म्हणाले.

“मंग पुढचं कोन लिवते?”

“लिहितील कोणीतरी विलायतेत. लढाई संपली म्हणजे.”

“त्यात त्याचं नाव येईन?”

हो म्हणायला काही लागत नव्हतं. ज्याने इतके राजपुत्र जन्माला घातले त्याला एक खच्चरवाला जड नव्हता. पण अख्खं पुस्तक मास्तरांच्या डोळ्यांपुढून गेलं. त्यात राजांच्या कुत्र्यांची चित्रं होती. शिपायांचे आकडे होते, तेही गोळाबेरीज. खच्चरांचं तर ओझंसुद्धा दिलेलं नव्हतं.

“नाही येणार, पाटलीणबाई.”

रुखमाबाईंनी कडूबांकडे पाहिलं. “मंग सरली का पोथी?”

कडूबांना खोटं बोलायचं होतं, तसं त्यांच्या तोंडावर दिसत होतं, पण उभा जन्म त्यांनी या एका नियमावर काढला होता. ज्याच्या नावाने लावली तो रणात आहे, तर सरली म्हणता येत नाही, असं ते म्हणाले. नारळ तसाच ठेवला. गाव जेवून गेलं, रुखमाबाई उपाशी उठल्या, आणि पुस्तक चौरंगावर उघडंच राहिलं.

उन्हं तापली तेव्हा वर्तमानपत्रात आलं, की कूत पडलं. आतली सगळी फौज तुर्कांच्या हाती गेली. नावं नव्हती. पाटलांनी गोठ्यामागे ते दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, “तुमीच सांगा मास्तर. माह्याच्यानं होत नाही.” साहेबाने दिलेला फेटा त्यांनी त्या दिवशी कडब्याच्या ढिगात कुठेतरी खुपसून टाकला.

संध्याकाळी मास्तर चौरंगासमोर बसले आणि त्यांनी सांगितलं. फौज धरली. धरलेली माणसं उत्तरेकडे नेली म्हणतात.

“धरली म्हंजे जित्ती हायेत ना?”

“जिवंतच धरतात.”

मरण नव्हतं, जन्म नव्हता, राज्याभिषेक तर नव्हताच. कडूबांनी डोळे मिटून सगळ्या पोथ्या चाळल्या. धरलेला माणूस पुढच्या अध्यायात सुटतो, असं त्यांनी सांगितलं, आणि ते सांगून ते आपल्या पायांकडे पाहू लागले.

“मंग वाचा पुढचा अध्याय,” रुखमाबाई मास्तरांना म्हणाल्या.

खोटं लिहू नये, असं कॉलेजात बजावलं होतं. काय सांगावं हे कोणी शिकवलं नव्हतं. मास्तरांनी शेवटचं पान उलटलं. त्यामागे बांधणीचं कोरं पान होतं. त्यावर त्यांनी सवयीने बोट ठेवलं.

“नदीच्या काठाकाठाने पलटण निघाली,” ते म्हणाले.

“खच्चरं हायेत संग?”

“आहेत.”

“तर मंग त्यायले पान्यावर तोच नेईन. त्याचं जनावर दुसऱ्याच्या हातानं पानी पेत नाही.”

“तोच नेतो आहे,” मास्तर म्हणाले. कडूबांनी हुंकार दिला. ऊन उतरलं आहे, असं मास्तरांनी सांगितलं, नदीला पाणी भरपूर आहे असं सांगितलं, आणि रुखमाबाई हळूहळू भिंतीला टेकल्या. आता त्याला घरापर्यंत आणायचं होतं. बसऱ्याच्या पलीकडून रोहिणखेडपर्यंतच्या त्या सगळ्या वाटेपैकी मास्तरांना मलकापूर स्टेशनाच्या अलीकडची तेवढी माहीत होती.