दामाजीचा दुसरा जन्म

भटजींनी दामाजीच्या टाळूवर पळीभर तूप ओतलं, ते ओघळून त्याच्या झुपकेदार मिशांत अडकलं. अंगणात कुणीतरी फिसकन हसलं. एवढा थोराड बाप्या, पण पांढऱ्या धडप्यात गुंडाळून आईच्या, मनुबाईच्या मांडीवर डोकं टेकून पडला होता. तो आज पुन्हा जन्माला येत होता ना!

त्याची बायको तुळसा मात्र हसत नव्हती. पडवीतून परसात, परसातून पडवीत ती नुसत्या घिरट्या घालत होती. भरलेली घागर उचलून बघत होती, पुन्हा ठेवत होती.

मिठाचा मचवा बुडाला तेव्हा त्यावरचा दामाजीही गेला असंच सगळ्यांनी धरलं. दोन पावसाळे वाट बघितली, मग खाडीकाठी पळसाच्या पानांचा देह रचला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला आणि त्याला अग्नी दिला. क्रिया झाली नाही तर जीव खाडीवर घुटमळत राहतो म्हणतात. तुळसाने बांगड्या फोडल्या, रडलीही. पण खोटं कशाला बोला, त्या रात्री ती आडवी पडली ती थेट उजाडल्यावरच उठली. लग्न झाल्यापासून अशी झोप तिला ठाऊक नव्हती. पुढे मिठागरावर फावडं ओढून ती आपलं आणि सासूचं पोट भरू लागली.

आणि परवा हा दत्त म्हणून दारात उभा! कुठल्याशा गलबताने त्याला उचलून पार मलबारात नेलं होतं. भूत समजून बाळकूम गावच्या लोकांनी दारं लावून घेतली. शेवटी नौपाड्याहून भटजींना आणलं.

"ज्याची क्रिया झाली तो मेला," ते म्हणाले. "आता तुपाने न्हाऊन, बारसं करून याला नवा जन्म घ्यावा लागेल. मग त्याच बायकोशी पुन्हा लग्न."

बारसं झालं. नाव दामाजीच ठेवलं, दुसरं कुणाला सुचलंच नाही. लग्न लावणारी धवलारीण कमळाबाई हळदीचं ताट घेऊन पुढे आली आणि मध्येच थांबली.

"कोरी पोर असती तर तिच्या बापाला विचारला असता. रांडावलेल्या बायचा पाट लावायचा तर तिलाच विचारतान, ही आपली रीत. तुळसे, तुझी राजी हाय का गो?"

सगळ्या माना वळल्या. तुळसाला आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं. पहिल्या लग्नात ती मांडवात झोपली होती, तिला तशीच उचलून बोहल्यावर उभी केली होती. हात नकळत डाव्या कोपराकडे गेला. दामाजीने पिरगाळल्यापासून डावा हात सरळ होत नव्हता. त्याचा जीव वाचला याचा तिला आनंद होता, अगदी मनापासून होता. पण पुन्हा तो मार, त्या रात्री!

"हो बोल ना गो," मनुबाई काकुळतीला आली. "एवढाच तं बोलायचा हाय."

दामाजी धडपा सावरत उठला.

"तोंड शिवला काय तुझा?"

आणि सवयीने त्याने हात उगारला. गावचा म्हातारा पाटील गुणाजी झटकन मध्ये पडला, त्याने ते मनगट घट्ट धरलं.

"अरं ए! परक्या बाईवर हात टाकतंस? लाज नाय वाटत?"

दामाजी चपापला. हात मुकाट खाली आला.

तुळसा म्हाताऱ्याकडे बघतच राहिली. त्याच्या आणि दामाजीच्या घरामधली कुडाची भिंत एकच होती. इतकी वर्षं ती ओरडायची तेव्हा पलीकडून गुणाजीचं खोकणं तेवढं ऐकू यायचं. कधी उठून आला नाही. नवराबायकोच्या मध्ये कोण पडणार, असं सगळा गाव म्हणायचा.

तिने पदर खोचला. घिरट्या थांबल्या होत्या.

"पाटीलबाबा," ती म्हणाली, "मना परकीच राहू द्या."