बोर्डाच्या कोपऱ्यातलं नाव

टण्‌!

पुंडलिकनगरातल्या एका घरात दुपारची शांतता होती. लेक नुकतीच झोपली होती. तेवढ्यात टेबलावरचा स्टीलचा पेला आडवा झाला आणि घरंगळत भिंतीपर्यंत गेला. त्याच्यासोबत मीही. "अगं बाई, उठेल ना ही!" असं पुटपुटत अपेक्षाने मला उचललं, पेल्यात उभं केलं आणि पेला कोनाड्यात ठेवून दिला. माझ्या जागेवर तिने लॅपटॉप मांडला.

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे. सहा नंबरचा, चापट, मऊ केसांचा. त्या दुपारी मी जळायला लागलो, तो अजून पुरता विझलेलो नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की साहेबराव पेंटरांनी दुकानातले दहा ब्रश बाजूला सारले, माझे केस बोटावरून फिरवले आणि म्हणाले, "हा बोलंल."

आणि मी बोललो. चिकलठाण्याच्या लेथ वर्कशॉपचे पत्रे, करमाडची रसवंती, जालना रोडचे टायरवाले, सगळ्यांची नावं मी लिहिली. साहेबराव खडू लावलेला दोरा ताणून आधी रेघ उमटवायचे. मग श्वास रोखायचे. मी पत्र्यावर टेकायचो आणि अक्षराचं पोट भरून यायचं. काम संपलं की खाली उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, ते आपली सही करायचे, 'साहेबराव आर्ट्स'. बोर्डावरचं मोठं नाव दुकानदाराचं असे, पण ते दोन शब्द आमचे होते. संध्याकाळी मला घासलेटात आंघोळ मिळायची आणि केस बोटांनी सरळ केले जायचे.

मग फ्लेक्स आला. तासाभरात छापून मिळणारा, माणसाच्या फोटोसकट. तेव्हाही मला वाईट वाटलं, पण जळफळाट झाला नाही. कारण फ्लेक्सला साहेबरावांनी कधी हात लावला नाही. माझं शेवटचं चांगलं काम पाच वर्षांपूर्वीचं. नात झाली, तेव्हा पाळण्याच्या डोक्याशी मी लिहिलं, 'प्रेरणा'. सवयीने कोपऱ्यात सहीसुद्धा झाली. "बाबा, लेकराची पाटीच केली की हो तुम्ही!" म्हणून त्यांची सून अपेक्षा किती हसली होती. त्या हसण्याच्या नादात मला धुवायचं राहून गेलं. माझे केस कडक झाले.

आता त्या लॅपटॉपचं सांगतो. इंटरनेटवर दुकानाला पत्ता लागतो, म्हणजे एक नाव. ते एका वेळी जगात एकाकडेच असतं आणि ठरावीक मुदतीने पुन्हा नोंदवावं लागतं. अपेक्षाने एका मोठ्या कंपनीशी बोलणं केलं होतं. त्यांच्याकडची नावं आपण इथल्या दुकानदारांना नोंदवून द्यायची. त्याला रिसेलर म्हणतात. त्यासाठी तिने घरबसल्या यंत्रणा उभी केली. अमुक नाव मोकळं आहे का ते दाखवणारं पान, गिऱ्हाइकाची माहिती भरायचा फॉर्म, मुदत संपत आली की जाणारा निरोप. लेक झोपली की तासभर, कुकरच्या दोन शिट्ट्यांमधली दहा मिनिटं, असा वेळ चोरून ती हे करायची. तिच्या कपाळावरची बट सारखी खाली येई आणि ती फुंकरीने उडवी.

हे सगळं मी कोनाड्यातून बघत होतो. नावं लिहायचं काम माझं! चाळीस वर्षं माझं! आणि ज्या पेंटरने मला निवडलं, तो माणूस खुर्ची ओढून त्या पडद्यासमोर बसायला लागला.

"सूनबाई, लई भारी दिसायलंय हे."

"बाबा, यंत्रणेला नाव काय देऊ?"

"आपलं हायेच की. साहेबराव आर्ट्स."

तिने तेच टाकलं. मग त्यांनी विचारलं, "आन् प्रत्येक नावाखाली आपली सही येती का? ज्यानं लिहिलं त्याचं नाव नको का कुठं?"

फॉर्मवर एक चौकट होती, मालकाचं नाव आणि ईमेल भरायची. बहुतेक दुकानदारांकडे ईमेल नव्हता, त्यामुळे ती कोरीच राहायची आणि फॉर्म पुढे सरकायचा नाही. अपेक्षाने थोडा विचार केला आणि त्या चौकटीत 'साहेबराव आर्ट्स' आणि घरचाच ईमेल आपोआप भरून येईल अशी सोय केली. सासरे खूश झाले.

मित्रांनो, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ती सही माझी होती! आता कोणी श्वास न रोखता, रंग न कालवता, ती अकरा गिऱ्हाइकांच्या नावाला अकरा वेळा आपसूक लागली. चूक मला दिसत होती. आमची सही कोपऱ्यात असते, मालकाच्या जागी नाही. पण मला बोलता येत असतं, तरी मी बोललो नसतो.

महिन्याभरात जैतुनबी दारात उभ्या राहिल्या. त्या घरी मसाले कुटतात. नातीच्या नावाने त्यांनी 'तहरीम मसाले' सुरू केलं होतं. सोबत मुलगा इम्रान होता. त्याला आईच्या नव्या पत्त्यावर स्वतः दुकानाचं पान चढवायचं होतं, म्हणून त्याने मोठ्या कंपनीला फोन केला होता. तिथून उत्तर मिळालं, हे नाव तुमचं नाही.

"साहेबरावभाऊ," जैतुनबी म्हणाल्या, "मसाला मी कुटते, नाव माझ्या नातीचं, आन् मालक तुमी? ये क्या बात हुई?"

"चाची, आमच्या मनात तसं नव्हतं हो," अपेक्षा म्हणाली.

"मनातलं कोण बघतंय, भाभी?" इम्रान म्हणाला. "उद्या तुम्ही नाय म्हणालात, तर आमच्या हातात काय? बाकीच्यांना हे माहीत आहे का?"

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, खूप झाला. पण मग मी साहेबरावांकडे पाहिलं. चाळीस वर्षं ज्यांचे पत्रे रंगवले, त्या लोकांच्या नावावर आपण बसलो, हे त्यांना तेव्हा उमगत होतं. त्यांनी पडद्यासमोरची आपली खुर्ची मागे सारली.

"चूक माझी आहे," अपेक्षा म्हणाली. "बसा. आत्ता बदलते. नाव हलवायला जुना आणि नवा, दोन्ही मालकांना ईमेल येतो. दोघांनी हो म्हणावं लागतं. तुमचा ईमेल काढू."

"मला कुठं येतंय ते?"

"येईल. पासवर्ड मात्र तुमचा तुम्ही टाकायचा. आम्ही बघणार नाही."

जैतुनबी एका बोटाने फोनवर टिचक्या मारू लागल्या. अपेक्षा आणि साहेबरावांनी भिंतीकडे तोंडं फिरवली. भिंतीत कोनाडा होता. कोनाड्यात मी होतो. किती वर्षांनी त्यांनी माझ्याकडे पाहिलं!

"आरं," ते हळूच म्हणाले, "तुझे केस कुणी असे केले?"

पुढचे पंधरा दिवस अपेक्षा स्कूटीवर लेकीला पुढे उभी करून करमाडपर्यंत हिंडली. बाकीच्या दहाही जणांसमोर चूक कबूल केली आणि दहाही नावं ज्याची त्याच्या हवाली केली. दोघांनी दारातच ऐकवलं. एकाने चहा पाजला आणि मगच ऐकवलं. फॉर्मवरची ती सोयही तिने काढून टाकली.

मी तोवर कडक झालेला रंग सुटावा म्हणून थिनरमध्ये पडून होतो. निम्मे केस गळाले. उरलेल्या केसांनीच साहेबरावांनी अंगणात जैतुनबींसाठी पत्रा लिहिला. वर 'तहरीम मसाले', खाली इंग्रजीत इंटरनेटवरचं नाव. आयुष्यात पहिल्यांदा मी नावाच्या मधोमध टिंब दिलं. आणि शेवटी कोपऱ्यात, बारीक, आमची सही.

तरी लॅपटॉप उघडला की मी अजून थोडा जळतोच. पण एवढं सांगतो, मित्रांनो. काम झालं की ब्रश धुऊन ठेवा, नंतर धुऊ म्हणू नका. आणि दुसऱ्याचं नाव लिहायला घेतलंत, तर लिहून झाल्यावर ते त्याच्या हातात द्या.

त्या दिवशी मला धुवायला अपेक्षा बसली. शेजारी प्रेरणा ओल्या पत्र्यावरची अक्षरं लावत होती. "सा-हे-ब-रा-व... आई, हे माझ्या पाळण्यावर पण आहे!"

"हो गं. आजोबांची सही ती."

"आणि वर तहरीमचं नाव. पाळण्यावर माझं." ती थांबली. लॅपटॉपकडे पाहिलं, पत्र्याकडे पाहिलं, बोटांवर मोजून झालं. "आई, तुझं नाव कुठं लिहिलंय?"

अपेक्षाची बोटं माझ्या केसांत थांबली. रंग अजून पुरता गेला नव्हता.