जोत्याला वळसा

बापजाद्यांच्या घराचं जोतं माणसानं तुडवू नये. मोटारसायकलच्या शर्यतीत हे तत्त्व पाळलं, की माणूस चौथा येतो. पळसदेवचा म्हस्कू सलग सहा वर्षं चौथा येत होता.

मे महिन्यात उजनी धरणाचं पाणी उतरलं, की बुडालेल्या गावाचा जुना डांबरी रस्ता वर यायचा. अर्धी फेरी त्याच्यावर, अर्धी भेगाळलेल्या गाळात. कडेला फक्कीची रेघ. अकरा गड्यांत हेल्मेट एकच, आणि ते मागणं कमीपणाचं. म्हणून ते पंचांच्या टेबलावर कागद दाबायला असे.

गाळातून डांबरावर चढताना एक दगडी जोतं लागायचं. बाकीचे त्यावरून गाडी उडवत. म्हस्कू वळसा घालायचा. नवव्या वर्षी त्यानं गाव सोडलं होतं. ते जोतं तेवढं डोळ्यांपुढे पक्कं होतं.

अठ्ठ्याण्णव साली मंडळानं जाहीर केलं, पुढच्या वर्षीपासून तिशीच्या आतलेच. म्हस्कू एकतीस वर्षांचा. दुधाच्या किटल्या उतरवून त्यानं राजदूत रेघेवर आणली. शेजारी कऱ्हाटीचा दादासो आरएक्स हंड्रेड पिळत होता.

"म्हस्कूतात्या, औंदा तरी वरनं या. का आत च्या ठिवलाय कुणी?"

"तुजं घर पाण्यात गेलं आस्तं म्हंजी कळलं आस्तं."

काठावरच्या ट्रॉलीत म्हस्कूची आई, भागूबाई, पहिल्यांदाच येऊन बसली होती. गाव बुडाल्यापासून ती इकडं फिरकली नव्हती. पण लेकाची शेवटची शर्यत, म्हणून आली आणि सुरू होण्याआधीच तिनं डोळ्यांवर पदर घेतला.

पाच फेऱ्या. गाळात मागचं चाक आडवं जायचं, डावा पाय जमिनीला घासायचा, धुळीतून आधी आवाज यायचा आणि मग माणूस. पोरं ट्रॅक्टरच्या टपावर नाचत होती. शेवटच्या फेरीला दादासो पुढं, म्हस्कू अर्ध्या चाकानं मागं. समोर जोतं.

"उडीव, तात्या! उडीव!"

म्हस्कूनं हँडल वळवलं नाही.

गाडी हवेत गेली. क्षणभर आवाज एकदम मोकळा झाला. खालून चुलीची जागा सरकली, असं त्याला वाटलं. चाकं डांबरावर आदळली, तेव्हा दादासो मागं होता.

लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. कर्ण्यातून त्याचं नाव तीनदा पुकारलं गेलं. खाली उतरल्यावर तो सरळ ट्रॉलीकडं गेला आणि आईचे पाय धरले.

"आये, चुकलो. आपल्या घरावरनं गाडी घातली."

भागूबाईनं पदर काढला. "कंच्या घरावरनं?"

त्यानं जोतं दाखवलं. ती डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिली.

"आरं, त्यो कोंडवाडा. मोकाट जनावरं कोंडायचा. तुजी शेळी सोडवाया गेलो हुतो न्हाय का आपण? दिसभर रडत बसला हुतास तितं."

म्हस्कूचे हात तिच्या पायांवरच राहिले. पलीकडं दादासो म्हस्कूची राजदूत कौतुकानं पुसत होता.

"मग आपलं घर?"

भागूबाईनं हनुवटीनं पाण्याकडं दाखवलं. "लई आत."

पाणी त्या वर्षी तिथवर उतरलं नव्हतं. त्याआधीही कधी उतरलं नव्हतं.