दोरी लावून जंगल

आमच्या उद्यान विभागाला एक खोड आहे. काहीही करायचं म्हटलं की आधी दोरी ताणायची. वाफे दोरीत, कुंपण दोरीत, कुंड्यासुद्धा दोरीत. तीस वर्षं मी इथे माळी आहे, बोटांना घट्टे पडलेत. साहेबांना तर आम्ही दोरीसाहेबच म्हणतो, अर्थात पाठीमागे.

टेकडीच्या उतारावरचा एक तुकडा तेवढा सहा वर्षांपूर्वी यातून सुटला. गवत कापायचं यंत्र बिघडलं, नवं येईना, तेव्हा साहेब म्हणाले, "राहू दे तसंच." राहिलं. पहिल्या वर्षी कमरेएवढं गवत, मग झुडपं, मग फुलपाखरं आणि मला नावं माहीत नसलेले पक्षी. वस्तीतली माणसं संध्याकाळी तिथे जाऊन बसायला लागली.

उताराच्या तळाशी माझ्या थोरल्या बहिणीची खोली आहे. ताई एकटीच असते, लोकांचे कपडे शिवून पोट भरते. पूर्वी टेकडीवरचं पाणी दर पावसाळ्यात थेट तिच्या दारात यायचं. ती शिलाई मशीन टेबलावर चढवायची आणि स्वतः पलंगावर पाय घेऊन बसायची. झुडपं वाढली तसं पाणी वरच्या वर मुरायला लागलं. चार वर्षं तिच्या उंबऱ्याला थेंब लागला नव्हता.

मग वरच्या ऑफिसात कुणाला तरी शोध लागला, की जमीन अशी मोकळी सोडली तर तिचं जंगल होतं आणि अशा जंगलाला बक्षीस असतं. झालं! सहा वर्षांत ज्यांनी तिकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, ते छाती फुगवून फिरायला लागले. शुक्रवारी पाहुणे येणार होते. सोमवारी साहेबांनी मला माथ्यावर बोलावलं.

"इथून खालपर्यंत वाट काढ. आठ फूट रुंद, सरळ. इथे स्टेज बांधणार आहोत, पाहुण्यांना त्यावरून शेवट दिसला पाहिजे."

"साहेब, जंगल बघायला येणार आणि जंगलच कापायचं?"

"मग काय, काट्यांतून चालवायचं त्यांना?"

"वळणावळणाची काढतो. सरळ काढली तर पाणी तीच वाट धरेल. खाली माझी बहीण राहते."

"वाकडी वाट दाखवून विभागाची अब्रू घालवायची आहे का? कामाला लाग."

आता इथे चूक माझी आहे, ती मी कुणावर ढकलणार नाही. मी खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली आणि तीन दिवस कापत गेलो. सांगायला लाज वाटते, पण ओळ सुरेख आली म्हणून मनातून बरंही वाटत होतं. हाताची सवय, दुसरं काय. तळाशी पोहोचलो तर नाकासमोर ताईचं दार.

पाहुणे आले, टाळ्या झाल्या, बक्षीस मिळालं. फोटोंत साहेब आहेत आणि वाट आहे. झुडूप एकही नाही.

नऊ दिवसांनी भर दुपारी पाऊस झाला. धावत गेलो तर ताईच्या खोलीत गुडघाभर पाणी. मशीन अर्धी बुडालेली, लोकांचे शिवायला आलेले कपडे चिखलात. ताई एकेक कपडा पिळत होती. मला बघून म्हणाली, "तू तरी काय करणार? नोकरी आहे तुझी." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तसाच ओल्या कपड्यांनी साहेबांपुढे उभा राहिलो. ते म्हणाले, "पाऊस काय मी पाडला?"

तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी रजा टाकली, वस्तीतली सहा माणसं घेतली आणि त्या वाटेवर ठिकठिकाणी आडवे चर खोदले. कापलेल्या फांद्या मध्ये रचल्या, माती दाबली. पुढचा पाऊस चरांतच जिरला.

आणि मला नोटीस आली. काय लिहिलंय म्हणता? "बक्षीसप्राप्त नैसर्गिक क्षेत्राची नासधूस." सात दिवसांत वाट मोकळी करून माफीनामा द्यावा, नाहीतर कामावरून कमी करण्यात येईल. माझ्या निवृत्तीला आठ महिने राहिलेत.

ताईने नोटीस दोनदा वाचली. "माफी माग," म्हणाली. "मोकळी करून दे वाट. मशीन ठेवीन मी टेबलावर. पूर्वी ठेवतच होते की."

साहेबांना माथ्यावरून सरळ दिसावं म्हणून माझ्या बहिणीनं उरलेलं आयुष्य पलंगावर पाय घेऊन बसायचं, आणि ते तिनं स्वतःच्या तोंडानं मला सांगायचं! मी तिथेच तिच्या टेबलावर कागद घेतला आणि लिहिलं: "नासधूस मी केली हे खरं आहे. ती वाट कापली तेव्हा केली, साहेबांच्या हुकमावरून. त्याची माफी मी बहिणीची मागितली आहे. चर बुजवणार नाही." ऑफिसात जाऊन दिला आणि पोच म्हणून शिक्का मारून घेतला.

आज सातवा दिवस. साहेब दुसरा माळी पाठवणार आहेत म्हणे. येऊ दे. आधी त्याला ताईच्या खोलीत नेऊन भिंतीवरची ओल दाखवीन. ती बघूनही त्यानं फावडं उचललं, तर पहिल्या चरात मी बसलेलो असेन. माती माझ्या अंगावर टाकावी लागेल त्याला.