तीन बोटांचा बाहुला

"तुमचा बाहुला चावतो," असं म्हणून समाधाननं तो शिलाई मशिनवर आपटला आणि दीपमालाचं डोकंच फिरलं.

एक तर हा माणूस चपला न काढता घरात शिरला होता. त्यात तो समाधान होता. थेरगावात डांगे चौकाच्या मागं एका खोलीत दीपमाला ब्लाउज, फॉल-पिको आणि हल्ली हातात घालून नाचवायच्या बाहुल्या शिवायची. ज्योतीराम नावाचा एक खटपट्या माणूस सुरक्षा सप्ताहात कंपन्यांमधून बाहुल्यांचे खेळ लावायचा, त्याचं हे काम. खेळ एकच. पडद्यामागच्या माणसाच्या डाव्या हातात साहेब, उजव्या हातात कामगार. कामगार गाफील राहतो, मशीन त्याची बोटं खातं आणि शेवटी तो सगळ्यांना सांगतो, "चूक माझीच होती, भावांनो." हे ऐकून कंपनीवाल्यांना काय आनंद व्हायचा! पडद्यामागचा माणूस समाधान आहे, हे मात्र ज्योतीरामनं तिला आधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिनं सुईत दोराही ओवला नसता.

कारण याच समाधाननं महाळुंग्याच्या एका कंपनीच्या गेटवर उभं राहून तिच्या नवऱ्याचा, शेखरचा, आयाबहिणींवरून उद्धार केला होता. कुणीतरी त्याचं शूटिंग केलं आणि ते फिरत फिरत तिच्या भिशीच्या ग्रुपवर आलं. शेखर तिथं प्रेस शॉपचा सुपरवायझर आणि लातूरकडून आलेला समाधान त्याच्या हाताखालचा हेल्पर. पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेसखाली समाधानच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याशेजारचं आणि मधलं. चौकशीत निष्काळजीपणा त्याचाच ठरला आणि नोकरीही गेली.

शेखरनं घरी सगळं समजावून सांगितलं होतं. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच प्रेस खाली येतो, म्हणजे हात आत राहायला नको. पण एका बटणावर चिकटपट्टी मारून ते दाबलेलंच ठेवलं, की तो हात मोकळा होतो आणि माल भराभर निघतो. "पट्टी त्यानंच लावलेली," शेखर म्हणाला होता. "वर मोबाइलवर बोलत होता." दीपमालानं लगेच भिशीच्या ग्रुपवर लिहून टाकलं, कामचुकार माणसं स्वतः बोटं घालवतात आणि दुसऱ्याच्या नावानं शिमगा करतात. नवऱ्यावर बायको विश्वास ठेवणार नाही तर कोण ठेवणार?

"दुसऱ्यांदा परत आणलात," ती आता म्हणाली. "बाकी कुणाला नाही चावत तो?"

"बाकीच्याला बोटं हायत."

"मग डाव्या हातानं करा."

"डाव्यात साहेब असतोय. दोन डावे हात हायत का मला?"

त्याचं म्हणणं खरं होतं, त्याचाही तिला राग आला. बाहुला तिनं नेहमीच्याच बेतानं शिवला होता. मानेत पहिलं बोट, दोन हातांत अंगठा आणि मधलं बोट. समाधान त्या मानेत चिंध्या कोंबून कसंबसं भागवत होता आणि डोकं लुळं पडत होतं.

"शुक्रवारी कुठं खेळ हाय, ठाऊक हाय का?" तो म्हणाला. "तुमच्या मालकाच्याच कंपनीत. पडद्यामागं कोण हाय ते कोण बघतंय? माझी बोटं गेली त्याच शेडमधी जाऊन मला म्हणायचंय, चूक माझीच होती. ते तरी धड म्हणू द्या. नाहीतर ज्योतीराम दुसरा माणूस बघतो म्हणलाय. आन् तीन बोटाच्या माणसाला दुसरं काम कोण देतंय इथं?"

"हात पुढं करा," ती तुटकपणे म्हणाली.

त्यानं हात मशिनवर ठेवला. तो हात तिनं आजवर नीट बघितला नव्हता. दोन थोटकांवरची कातडी सोलून लाल झाली होती आणि त्या लालीत टाक्यांची रांग उमटली होती. तिचीच दुहेरी शिलाई. दीपमालाला स्वतःची लाज वाटली, आणि या माणसापुढं लाज वाटावी याचा संताप आला. दोऱ्यानं तिनं अनामिका मोजली, करंगळी मोजली, अंगठा मोजला. तो भिंतीकडं बघत राहिला. तिच्या घरचं पाणी त्यानं घेतलं नाही.

तो गेल्यावर मात्र ती कामाला भिडली. राग समाधानवर होता, शिवणावर नव्हता. मान अनामिकेवर घेतली, बाहुल्याचे हात अंगठ्यावर आणि करंगळीवर. मानेची नळी बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंतच ठेवली, म्हणजे बोट वाकलं की मान वाकेल. लगद्याचं जड डोकं काढून थर्माकोलचं बसवलं. थोटकांच्या जागी कापड सैल सोडलं, आत जुन्या मलमलच्या ओढणीचं अस्तर लावलं आणि सगळ्या शिलाया बाहेरच्या अंगाला घेतल्या. मनगटाशी घेर एवढा मोठा ठेवला, की दुसऱ्या हाताची मदत न घेता बाहुला घालता यावा.

आता तो नाचवून बघायचा. स्वतःच्या हातात खेळवल्याशिवाय ती बाहुली कुणाला देत नसे. पण तिला तर पाच बोटं! दोन बोटं मध्ये मध्ये येऊ लागली, तेव्हा तिनं ती तळव्याशी दुमडली आणि वरून चिकटपट्टी गुंडाळली.

तेवढ्यात पहिली शिफ्ट संपवून शेखर आला. डबा ठेवायला वळला आणि तिचा हात बघून जागीच थांबला.

"हे काय?"

"समाधानच्या बाहुल्याचं माप बघतीय."

"काढ ती पट्टी."

"थांबा जरा, मान कशी वळते ते..."

"काढ म्हणतो ना!" त्यानं तिचं मनगट धरलं आणि पट्टी ओरबाडून काढली. त्याचा चेहरा घामानं भिजला होता. "मी फक्त बटणाला लाव म्हटलं होतं! हात आत घाल असं नव्हतो म्हणालो मी!"

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कळलं.

"कुणी कुणाला लाव म्हटलं होतं?" दीपमालानं विचारलं.

"टार्गेट होतं, दीपा. वरून सारखे फोन. सगळीकडंच लावतात."

"आणि मोबाइल?"

शेखर कॉटवर बसला. म्हणाला, "लॉकरमध्ये होता त्याचा मोबाइल."

दीपमालाला त्याची किळस आली. त्याहून जास्त स्वतःची आली, कारण ग्रुपवर ते लिहिताना तिला मजा वाटली होती.

गुरुवारी कंपनीला सुट्टी असते, शेखर घरी असतो. तिनं समाधानला मुद्दाम गुरुवारीच बोलावलं. शेखरला बघून तो दारातूनच परत फिरत होता. "आधी बाहुला घालून बघा," दीपमाला म्हणाली. "मग जा."

त्यानं उभ्या उभ्याच बाहुला घातला. मान वळली, हात हलले. त्यानं बाहुल्याला वाकवलं, सरळ केलं, पुन्हा वाकवलं.

"चावतो?"

"न्हाई."

"मग तो जरा यांच्याकडं द्या. अहो, घाला हातात."

"मी कशाला?" शेखर म्हणाला.

"घाला!"

तिचा आवाज ऐकून त्यानं घातला. हात तळव्यापर्यंतच गेला आणि अडकला. "नाही जात," तो म्हणाला. "दोन बोटं आडवी येतात."

"दुमडा ती."

शेखरनं दोन बोटं दुमडली. बाहुला बसला, पण त्याची मान त्याला सावरेना.

"आता परवा मला सांगितलंत ते यांना सांगा."

समाधानला काही कळेना. तो एकदा हिच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत राहिला. शेखरनं वर बघितलंच नाही. बाहुल्याच्या तोंडाकडं बघत तो पुटपुटला, "पट्टी मी लावायला लावली. मोबाइल लॉकरमध्ये होता. चौकशीत मी खोटं बोललो."

"मोठ्यानं," दीपमाला म्हणाली.

त्यानं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं.

समाधान दोन पावलं पुढं आला. आता हा मारणार, असं दीपमालाला वाटलं, आणि तिनं मध्ये पडायचं नाही असं ठरवलं. पण समाधाननं फक्त शेखरच्या हातातला बाहुला ओढून घेतला आणि मानेची नळी पिळली तर नाही ना, ते बघितलं.

"उद्या जेवणाच्या सुट्टीत खेळाला सगळी शिफ्ट असंल," तो म्हणाला. "तिथं हेच बोलायचं. बाहुला न घालता."

"नोकरी जाईल माझी," शेखर म्हणाला. म्हणाला दीपमालाकडं बघून.

"मी पण येणार आहे उद्या," दीपमाला म्हणाली. "तुम्ही नाही बोललात तर मी बोलेन."