धूर कुणीकडे सोडायचा

मंगळवारी सकाळी पाम बीच रोडवर हरेशच्या टोइंग गाडीचा सायलेन्सर सुटला. एका बाईंची मोटार बंद पडून कडेला उभी होती आणि ती उचलायला तो सारसोळ्याहून आला होता. आपली गाडी उलटी घेऊन त्याने तिच्या पुढ्यात लावली, खाली उतरला आणि चाकांना पट्टे बांधायला वाकला. तेवढ्यात चेसीसखाली खळ्ळकन काहीतरी तुटलं आणि धुराचा काळा लोट थेट त्याच्या तोंडावर आला. इंजिन बंद करून भागणार नव्हतं, कारण मोटार उचलणारा मागचा दांडा खाली-वर होतो तो इंजिनाच्या जोरावर. डोळे मिटून, श्वास कोंडून त्याने पट्टे आवळले, लिव्हर ओढला आणि मोटार वर आल्यावर दुभाजकाशी जाऊन मटकन बसला. खोकला थांबेना.

बाईंनी आपली पाण्याची बाटली पुढे केली. "काका, तुमच्याबरोबर कोणी नसतं का?"

"असायचा. भाऊ होता," हरेश म्हणाला आणि पुढचं बोलावं लागू नये म्हणून पाणी प्यायला लागला.

अठरा वर्षं दोघांनी मिळून ही गाडी चालवली होती. हरेश थोरला, तो स्टिअरिंगवर. कुंदन मागे. हरेश आरशात बघायचा. कुंदनने तळहात हलवला की गाडी मागे, वर धरला की थांब. पट्टे बांधायचं, साखळी अडकवायचं, लिव्हर ओढायचं काम कुंदनचं. हरेशला क्वचितच खाली उतरावं लागे. पावसाळ्यात तर तो केबिनमधून बाहेरच येत नसे.

"दादूस, धूर सगला तोंडावर येतो. ही नली जरा बाजूला काढू," कुंदन म्हणायचा.

"काढू रे," हरेश म्हणायचा. मग कुठून तरी फोन यायचा, गाडी निघायची आणि ते राहून जायचं.

पुढे कुंदनला खोकला लागला. वाशीच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढून धुराचं काम सोडायला सांगितलं. तीन वर्षांपूर्वी कुंदन बायकोला, नमिताला, आणि मुलीला घेऊन करंजाला सासुरवाडीजवळ राहायला गेला आणि तिथे त्याने जाळ्यांचं, दोऱ्यांचं दुकान टाकलं. भांडण झालं नाही. पण हरेशच्या मनात एक गाठ बसली. त्याला वाटलं, खोकला हे निमित्त, नमितालाच माहेराजवळ जायचं होतं. हे तो कुणाला बोलला नाही. फक्त फोन कमी केले, गणपतीला आणि होळीला करायचे तेवढे ठेवले. मागच्या कामाला रोजावर पोरं ठेवली, पण टिकलं कुणी नाही; शेवटचं पोरगं सोमवारीच सोडून गेलं. हरेशचं स्वतःचं लग्न राहूनच गेलं होतं. तीन खोल्यांच्या घरात आता एका खोलीचा दिवा लागायचा. भात तो एक वेळचा करायचा आणि दोन वेळा खायचा.

मोटार तुर्भ्याच्या गॅरेजमध्ये सोडून, लोंबकळता सायलेन्सर तारेने बांधून हरेश तसाच तळोज्याला ज्योतिबाच्या दुकानात गेला. ज्योतिबा कोल्हापूरकडचा, सायलेन्सरच्या कामात केस पांढरे झालेला माणूस. गाडीखाली सरपटत जाऊन त्याने हातोडीने चार ठिकाणी ठोकून पाहिलं. गंजाचे पापुद्रे खाली पडले.

"खाडीच्या हवेनं खाल्लाय समदा," तो बाहेर येत म्हणाला. "ह्याला डाग देऊन काय व्हायचं न्हाई. नवा घाला. आणि मालक, वजन वढायची गाडी हाय, तर डबल करा. एका नळीत धूर कोंडतो, इंजिन तापतं. दोन वाटा केल्या की मोकळं व्हतं."

"डबल म्हंजे त्या पोरांच्या गाड्यांना असतो तसा? डुरडुर करनारा?"

"त्यो शोकीचा. त्यात जाड नळी घालत्यात, आवाज लई, पण खालच्या गियरला वढ न्हाई. तुम्हाला मागं गाडी बांधून पुलावर चढायचंय. तुम्ही बारीक नळ्या घ्या, दोन्हीला आपापला डबा. पोलीसबी अडवायचा न्हाई."

हरेशने मान हलवली. इथवर सोपं होतं. मग ज्योतिबाने खडू घेतला आणि फरशीवर गाडीचा आकार काढला.

"आता सांगा, तोंडं कुठं काढू? सगळे मागं काढत्यात, दोन बाजूंना दोन. दिसायला बेस."

"मागं नको."

"मग बाजूला, मागच्या चाकाच्या पुढं?"

"लिव्हर डाव्या बाजूला हाय. तिथंच उभं ऱ्हावं लागतं."

"उभं कोण ऱ्हातं?"

"मीच."

"आणि गाडीवर?"

"मीच."

ज्योतिबाने खडू खाली ठेवला. "ह्या धंद्यात एकट्यानं करू ने मालक. साखळी सुटली तर बघायलाबी कोण न्हाई." मग तो अवघडला आणि जुनी नळी कापायला गाडीखाली गेला.

कापलेला तुकडा त्याने बाहेर सरकवला. हरेशने तो हातात घेतला आणि कसा बसत होता ते बघायला होता त्या जागी धरला. मग पट्टे बांधायला वाकतात तसा वाकला. नळीचं तोंड त्याच्या तोंडासमोर एक वीतभर अंतरावर आलं. आतून बोटभर जाड काजळी होती. सकाळी एकदाच धूर लागला तर तो दुभाजकावर जाऊन बसला होता. कुंदन दिवसातून पाच-सहा वेळा इथे वाकायचा, आणि समोरच्या आरशात हरेशला त्याचा फक्त हात दिसायचा.

तो बराच वेळ तसाच वाकून राहिला. ज्योतिबाला वाटलं, कंबर धरली.

"वर काढता येतील काय?" हरेशने विचारलं. "केबिनच्या मागून, छपराच्या वर?"

"येतील की. दोन बाजूंना दोन उभ्या. धूर वरच्या वर जाईल, मागच्या माणसाला वासबी यायचा न्हाई. पण आवाज तुमच्या डोक्यावर येणार. केबिनात फोनवर बोलता यायचं न्हाई, शेजारी कोण बसला तर त्याचंबी ऐकू यायचं न्हाई."

"शेजारी कोन नसतो," हरेश म्हणाला. "वर काढा."

कामाला दोन दिवस लागणार होते. घरी परतल्यावर हरेशने करंजाला फोन लावला. सणवार नसताना लावलेला फोन. नमिताने घाबरूनच उचलला.

"भाऊजी, सगलं बरं ना?"

"बरं हाय. कुंदन कुठं हाय?"

"आत पडलेत. आत्ताच पंप घेतला, जरा दम लागला होता."

"अजून पंप लागतो त्याला?"

"रोज दोनदा. रात्री बसून झोपतात." तिने आवाज खाली आणला. "तुमाला नाय बोलले? मला वाटलं तुमाला ठाव हाय."

"रविवारी येतो," एवढं म्हणून हरेशने फोन ठेवला. त्या दिवशी शिजवलेला भात तसाच राहिला.

रविवारी तो गाडी घेऊन गेला. करंजाच्या बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुंदनचं दुकान होतं, दारात निळ्या दोऱ्यांची भेंडोळी टांगलेली. आवाज ऐकून कुंदन बाहेर आला. वाळला होता. खांदे वर चढल्यासारखे दिसत होते, श्वासासाठी चढतात तसे. त्याने छपरावरच्या दोन नळ्या पाहिल्या आणि थेट गाडीच्या मागे गेला. हरेशने इंजिन चालूच ठेवलं आणि खाली उतरला. कुंदन पट्ट्यांच्या जागी वाकून उभा होता. थोड्या वेळाने सरळ झाला.

"इथं कायच नाय आता," तो म्हणाला.

"तुझं ऐकायला पायजे होतं मी. तू किती वेला बोल्लास."

"तवा काम होतं दादूस."

"काम कवा नसतं? आनि मला वाटलं, तू उगा बोलतंस. नमिताला इकडं यायचं होतं म्हनून."

कुंदन रागावला नाही. रागावला असता तर हरेशला बरं वाटलं असतं. "तिला तर इकडं यायचंच नव्हतं," कुंदन म्हणाला. "ती रडत आली."

नमिताने चहा आणला. उभ्या उभ्या तिघांनी प्यायला. मग हरेश म्हणाला, "चल, बंदरापर्यंत जाऊन येऊ." कुंदन केबिनमध्ये चढला, धापा टाकत, आणि कामाला उतरायची घाई नसल्याने पहिल्यांदाच शेजारच्या सीटवर नीट टेकून बसला. हरेशला खूप बोलायचं होतं. घर रिकामं वाटतं, वरची खोली तशीच ठेवली आहे, हवं तर महिन्यातून एकदा तरी येत जा. त्याने एकदा तोंड उघडलंही. पण डोक्यावर दोन्ही नळ्या घुमत होत्या. कुंदनने कानाला हात लावून "काय?" असं विचारलं. हरेशने मान हलवली, काही नाही. बंदरावर होड्या लागल्या होत्या. वळसा घालून ते परत आले.

दुकानाशी इंजिन बंद केलं, तर लगेच फोन वाजला. तळोज्यात केमिकल कंपनीच्या फाटकासमोर एक टेम्पो अडकला होता.

"जा तू," कुंदन म्हणाला. "खोळंबले असतील लोक." उतरताना त्याने हरेशच्या गुडघ्यावर हात ठेवला, थोडा वेळ, आणि मग दुकानात गेला. दारातच त्याला एक गिऱ्हाईक भेटलं आणि तो दोरी मोजून द्यायला लागला.

हरेश तळोज्याला पोचला तेव्हा ऊन कलत होतं. टेम्पोचा ड्रायव्हर चहा प्यायला कुठे गेला होता, त्याचा पत्ता नव्हता. हरेशने गाडी उलटी घेतली, उतरून अंतर बघितलं, परत चढला, आणखी दोन फूट मागे घेतली, पुन्हा उतरला. पट्टे बांधले, साखळी अडकवली, ओढून दोनदा तपासली. मग लिव्हर ओढला आणि बाजूला सरून, स्वच्छ हवेत, टेम्पो पुरता वर येईपर्यंत एकटाच उभा राहिला.